मखमली पानांचं झाड: घरात पांडा प्लांट की अंगणात बेहारेन्सिस?

लव असलेल्या जाड पानांची ही झाडं आता लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या नर्सऱ्यांत सहज मिळतात. घेणारा आधी विचारतो, "आपल्या उन्हाळ्यात टिकेल ना?" माझ्या मते पावसाळ्याचं विचारायला हवं. मे महिन्यात ती मरगळतात, पण मरतात ती बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात, मुळं सडून. काळी माती पाणी धरून फुगते, मुळांना हवा मिळत नाही आणि खोडाचा बुंधा मऊ पडतो. निवड करताना हे आधी डोक्यात ठेवा.

दोन्ही झाडं मूळची मादागास्करची, दोन्ही कलांचो, म्हणजे आपल्या पानफुटीची भावंडं. पांडा प्लांटचं शास्त्रीय नाव कलांचो टोमेंटोसा. बोटाएवढी रुपेरी पानं आणि कडेला तपकिरी ठिपके. बरीच वर्षं सांभाळलं तरी ते साधारण दीड-दोन फुटांचं होतं. कलांचो बेहारेन्सिसचं प्रकरण मोठं आहे. तळहाताहून मोठी, त्रिकोणी, लाटेसारख्या कडांची पानं आणि लाकडासारखं खोड. जमिनीत मानवलं तर आठ-दहा फुटांवर जातं. कुंडीत आटोक्यात राहतं, पण कुंडी मोठी आणि जड हवी, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात ती लवंडते.

पानांवरची लव ऊन परतवते आणि पानाचा ओलावा धरून ठेवते. शिवाय ही झाडं पानांची रंध्रं, म्हणजे हवा आत घेण्याची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री गारव्यात उघडतात. म्हणून मे महिन्यात रात्रही तापलेली असते तेव्हा त्यांची वाढ जवळजवळ थांबते. अशा वेळी कीव येऊन रोज पाणी घालणं सगळ्यात घातक. माती आतपर्यंत कोरडी झाल्यावर, संध्याकाळी, बुंध्याशी घाला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरकरांना वेगळं सांगायला नको, पण नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या घरात शोभेचं झाड ठेवायचं तर ते असंच हवं.

उन्हाचं म्हणाल तर पांडाला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली द्या. पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलं तर पानं करपतात आणि तो डाग पुन्हा जात नाही. अगदीच अंधाऱ्या खोलीत ते लांबुडकं होतं, ठिपके फिके पडतात. रुळलेलं बेहारेन्सिस आपलं ऊन दिवसभर झेलतं. फक्त नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आणलेलं रोप एकदम उघड्यावर ठेवू नका, दोन-तीन आठवडे हळूहळू सवय लावा. परभणीकडच्या थंडीत मात्र दोघांनाही कोरडं ठेवा.

बोअरच्या पाण्यातले क्षार आणि उन्हाळ्यातली धूळ हा आपल्याकडचा खास त्रास. गुळगुळीत पान पुसता येतं, लवेत बसलेला पांढरा डाग निघत नाही. पानांवर पाणी पडूच देऊ नका, धूळ मऊ ब्रशनं झटका. इथं पांडा सोयीचं, कारण पावसात आणि धुळीत ते उचलून आत घेता येतं. बेहारेन्सिस जमिनीत लावलं की उचलणं नाही. म्हणून ते सरळ काळ्या मातीत लावूच नका. मुरूम आणि जाड वाळूचा फूट-दीड फूट उंचवटा करून त्यावर लावा. पांडासाठी मातीची कुंडी घ्या, माती, जाड वाळू आणि विटांचा चुरा समप्रमाणात घाला. खाली ताटली असेल तर साचलेलं पाणी ओतून द्या.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. ही झाडं विषारी आहेत, जनावरानं खाल्ली तर हृदयावर परिणाम होतो. दारात शेळ्या, गाई किंवा मोकळं वासरू असेल तर अंगणातल्या बेहारेन्सिसला भक्कम कुंपण हवंच. ते जमणार नसेल तर लावू नका. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पांडाही उंच फळीवर.

अस्वलाच्या पंजासारख्या पानांचं कोटिलेडॉन टोमेंटोसा दिसायला फार गोड. पण ते दक्षिण आफ्रिकेचं, आपल्या तापलेल्या रात्री त्याला सोसत नाहीत. पहिलंच झाड म्हणून मी ते कुणाला सुचवणार नाही.

फ्लॅट, खिडकी, छोटी गॅलरी असेल तर पांडा घ्या. मोकळं अंगण, पाण्याचा निचरा आणि कुंपण असेल तर बेहारेन्सिस, आणि त्याच्यासारखं देखणं झाड मग दुसरं नाही. दोन्ही घ्यायची ती पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. घेताना बुंधा बोटानं दाबून बघा, मऊ लागला तर सोडून द्या. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. लवेत लपलेला तो सहजी हटत नाही, तेव्हा ते रोप कितीही स्वस्त मिळालं तरी घरी आणू नका.