पपेटचा सांगाडा: तारेचा की बॉल-सॉकेटचा?

स्टॉप-मोशनसाठी, म्हणजे बाहुलं थोडं थोडं हलवत एकेक फोटो (फ्रेम) काढून केलेल्या अ‍ॅनिमेशनसाठी, पहिलं मोठं पपेट, म्हणजे ते बाहुलं, करायला घेतलं की हा प्रश्न येतोच: आतला सांगाडा साध्या तारेचा करायचा, की बॉल-सॉकेटचा, म्हणजे खोबणीत फिरणाऱ्या धातूच्या गोळ्यांच्या सांध्यांचा? मी दोन्हींवर काम केलंय. पुढचं सगळं त्या अनुभवातून, मोजमाप करून नाही.

तार पटकन जमते. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन-तीन तारा एकत्र पिळल्या, हाडांच्या जागी इपॉक्सी पुट्टी चढवली की पपेट तयार. वजनाला हलकं, त्यामुळे उड्या मारणाऱ्या किंवा लटकणाऱ्या पात्राला तारच सोयीची. वाकवून वाकवून ती शेवटी तुटते, बहुधा घोट्यात आणि नेमकी शॉटच्या मधोमध. पण त्याचा मला तितका राग नाही.

राग आहे तो तार मागे येण्याचा. हात किंचित वर नेला, बोटं काढली, की तो थोडासा परत खाली. मग हवं त्याहून जास्त वाकवायचं आणि किती परतेल याचा अंदाज बांधत बसायचं. झपाट्याच्या हालचालीत हे खपून जातं. पण पात्र सावकाश मान वळवतंय, दर फ्रेमला केसभरच, तिथे हे मागे येणं हालचालीपेक्षा मोठं ठरतं. वरची सिलिकॉनची कातडी ओढत असते ती वेगळीच. पडद्यावर मान वळत नाही, थरथरते. पात्र विचारात पडलंय असं वाटायला हवं, तर ते थंडीने कुडकुडताना दिसतं. अभिनय तिथेच संपला.

बॉल-सॉकेटचा सांधा सोडाल तिथे थांबतो. प्रत्येक स्क्रूचा ताण वेगळा ठेवता येतो: घोटे घट्ट, मान जरा सैल. हात दरवेळी कोपरातच वाकतो. तार कधी वर वाकते, कधी खाली. अर्थात सांधे सैल पडतात, आणि स्क्रूपर्यंत पोचायला कातडीत वाट आधीच ठेवावी लागते. घडवणंही सोपं नाही. स्टॉप-मोशनचा नावाजलेला कलाकार रे हॅरीहाउसेन याच्यासाठी धातूचे सांगाडे त्याचे वडील फ्रेड बनवत, आणि ते यंत्रावर हात बसलेले कारागीर होते. पण हे सांगाडे टिकतात. 1933 च्या ‘किंग काँग’ चित्रपटातल्या काँगच्या एका पपेटचं रबर झडून गेलं, सांगाडा राहिला.

छोटा, धावपळीचा शॉट असेल तर खुशाल तार घ्या. बोटं मीही तारेचीच करतो, तेवढे बारीक सांधे बसत नाहीत. पण पात्राने नुसतं उभं राहून कुणाकडे तरी बघायचं असेल, तर निदान मान, खांदे आणि घोटे बॉल-सॉकेटचे करून बघा.