नवी प्रशासकीय इमारत, आठ महिन्यांनंतर : ऊन आणि ४८० रुपयांचा पडदा

कचेरीत टेबलाशेजारच्या काचेला लावलेल्या पडद्याचं बिल काल परत आलं. वर शेरा : 'इमारत नवीन असल्याने पडद्याची आवश्यकता दिसून येत नाही.' खिशातले ४८० रुपये गेले, तेव्हा आता लिहितोच.

फेब्रुवारीत आमची कचेरी नव्या इमारतीत आली. लिफ्ट, टोकन, पार्किंग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. माझं टेबल तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला. शेजारी जमिनीपासून छतापर्यंत काच. पहिल्या आठवड्यात डोंगराचे फोटो काढून घरी पाठवले होते. मार्चपासून त्या डोंगराकडे बघवत नाही.

दोनला ऊन आवक ट्रेवर, साडेतीनला मॉनिटरवर, पाचला थेट डोळ्यांत. शिक्क्याचं पॅड दुपारीच खडखडीत वाळतं. शाई घालून घालून बोटं जांभळी. एसी नुसता घुरघुरतो. बाहेरून दोन फुटांचा छज्जा काढलाय. दक्षिणेला तो चालला असता, तिथं ऊन वरून येतं. पश्चिमेचं ऊन तिरपं, ते छज्जाखालून शिरणारच. तिथं उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी, नाहीतर सरळ व्हरांडा. वास्तुकार ल कॉर्बुझिएनं १९५० च्या दशकात चंदीगडच्या सचिवालयाला काँक्रीटच्या खोल चौकटी दिल्या, त्या उन्हासाठीच.

मध्यंतरी भावाच्या दाव्यासाठी मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टात जाणं झालं. ती इमारत म्हणजे जुनं सचिवालय, १८७४ चं, कर्नल विल्किन्स या इंजिनियरनं आखलेलं. तोंड पश्चिमेलाच, ओव्हल मैदानाकडे. पण आधी कमानींचे व्हरांडे, मग खोल्या. मैदानातून बराच वेळ बघत उभा राहिलो. भाऊ म्हणाला, तारीख माझी आहे, तुझी नाही.

पावसाळ्यात मात्र मत थोडं बदललं. जुन्या कचेरीची कौलं गळायची, जून लागला की दप्तरावर प्लास्टिक अंथरायचो. इथं एक थेंब नाही. दाराशी रॅम्पही एकास बारा उताराचा (एक फूट चढायला बारा फूट लांबी), नियमाप्रमाणे; व्हीलचेअर धाप न लागता चढते. हे चांगलंच म्हणायचं. तरी जुन्या ओसरीत अर्ज लिहिणारे बसायचे, लोक टेकायचे. आता तेच लोक जिन्यात पायऱ्या अडवून बसतात आणि शिपाई त्यांच्यावर ओरडतो.

ऑक्टोबर आला, ऊन पुन्हा ट्रेवर. पाचपैकी दोन तारे, त्यातला एक न गळण्याचा. पडदा काढून घरी न्यावा म्हटलं, तर नऊ फुटांचा पडदा आमच्या एकाही खिडकीला बसत नाही.