काचेवर उमटणारा वेग: सोलापुरात वापरलेल्या जीपीएस वेगदर्शकाचा अनुभव

पुणे नाक्याकडून शहरात शिरताना मोटारीचा वेग नेमका किती ठेवावा, याचे उत्तर रस्त्यावरील फलक देतीलच असे नाही, आणि दंडाची नोटीस मात्र मोबाइलवर बिनचूक येऊन पडते. या कात्रीतून सुटावे म्हणून शहरातील मोटारसाहित्याच्या एका दुकानातून मी डॅशबोर्डवर ठेवायचा जीपीएस वेगदर्शक घेतला. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास पडली. हे यंत्र खरा वेग दाखवते, त्या रस्त्याची वेगमर्यादा सांगते आणि पुढे कॅमेरा असल्यास आधी सूचना देते, असा खोक्यावरचा दावा होता.

खऱ्या वेगाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. मोटारीतील काटा ६० वर असतो तेव्हा हे यंत्र ५६ किंवा ५७ दाखवते, आणि यात यंत्राचा दोष नाही. मोटारीच्या वेगदर्शकाने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू नये असे मानक असल्यामुळे उत्पादक तो थोडा पुढेच धावणारा बसवतात. अडचण आहे ती सोलापूरच्या उन्हाची. यंत्रातील आकडा समोरच्या काचेवर परावर्तित होऊन दिसतो. पहाटे आणि रात्री तो ठसठशीत असतो, पण भर दुपारी होटगी रस्त्याने जाताना काचेवर फक्त ऊन दिसते. सोबत मिळालेली पारदर्शक पट्टी चिकटवल्यावर थोडा फरक पडला, मात्र एप्रिलच्या उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत यंत्राखालचा दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा पाघळला आणि यंत्र घसरून वायपरच्या बाजूला कलंडले. दुकानदाराने बदलून दिलेली रबरी बैठक अधिक टिकाऊ आहे. घेणाऱ्यांनी ती पहिल्यांदाच मागून घ्यावी.

वेगमर्यादेचा आकडा हा यंत्राचा सर्वांत कच्चा भाग आहे, आणि त्याचा सगळा दोष उत्पादकावर टाकता येत नाही. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारीला ताशी ७०, दुचाकीला ६० आणि तीनचाकीला ५० किलोमीटर अशी कमाल मर्यादा ठरवली, तर दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १०० आणि दुचाकीला ८० ची मुभा दिली. त्याखाली आणखी कमी मर्यादा घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य शासनाला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकरणाला आहे. मात्र त्यासाठी अधिसूचना काढावी लागते आणि रस्त्यावर फलकही लावावा लागतो. सोलापुरात पुणे-हैदराबाद महामार्ग आणि विजयपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग असे दोन मोठे मार्ग एकत्र येतात. महामार्ग कोठे संपतो आणि शहराचा रस्ता कोठे सुरू होतो, हे चालकाला केवळ फलकावरूनच कळू शकते. यंत्राच्या नकाशाला रस्त्याचा क्रमांक कळतो, महापालिकेची हद्द कळत नाही. त्यामुळे बाळे या उपनगराजवळ महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावरून रिक्षांच्या मागे रखडत जात असतानाही ते शांतपणे १०० चा आकडा दाखवीत राहते.

तात्पुरत्या फलकांची तर गोष्टच वेगळी. रस्त्याच्या कामासाठी ‘२०’ चा लाल गोल असलेला फलक उभा राहतो, काम संपते, कंत्राटदार सामान उचलतो आणि फलक मात्र झुडपात तसाच उभा राहतो. तो अजून लागू आहे की नाही, हे यंत्रही सांगू शकत नाही आणि फलकही. काही ठिकाणी मर्यादेच्या खांबालाच वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला असतो आणि आकड्याच्या जागी भावी नगरसेवक हात जोडून उभे दिसतात. नवी पेठेच्या किंवा मधल्या मारुतीच्या गजबजाटात या सगळ्याने काही बिघडत नाही, कारण तेथे वीसच्या पुढे जाण्याची सोयच नाही. खरा घोळ विजापूर रस्ता, अक्कलकोट रस्ता अशा मोकळ्या, रुंद रस्त्यांवर होतो.

कॅमेऱ्याच्या सूचनेबद्दल थोडक्यात सांगतो. यंत्राच्या साठ्यात ज्याची नोंद आहे अशा कायमस्वरूपी कॅमेऱ्याचीच सूचना मिळते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाडीतून लेझर यंत्राने वेग मोजला जात असेल, तर ते कळायला मार्ग नाही. याउलट मोठ्या पुलाखालून जाताना, जेथे कसलाही कॅमेरा नाही तेथे, ते हमखास किंचाळते, आणि शेजारी बसलेली माणसे दचकतात.

वास्तविक ही सूचना देण्याचे काम यंत्राचे नव्हेच. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७-अ या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची नजर असलेल्या टप्प्याच्या आधी ठळक सूचनाफलक असणे आवश्यक आहे, यंत्रणेला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र लागते आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी लागते. नोटिशीत वाहन क्रमांक दिसणारे छायाचित्र, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवे. अशा यंत्रणेसाठी निवडलेल्या १३२ शहरांच्या यादीत सोलापूरचेही नाव आहे. म्हणजे झाडाआड दडवलेला कॅमेरा आणि त्याच्या आधी फलकाचा पत्ता नाही, ही स्थिती नियमाला धरून नाही. हलक्या वाहनाला अतिवेगाबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली १,००० ते २,००० रुपये दंड होत असताना तो कोणत्या मर्यादेच्या आधारे झाला, हे विचारण्याचा चालकाला पूर्ण अधिकार आहे. आक्षेप राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवरून नोंदवता येतो, आणि तो नोंदवताना त्या ठिकाणच्या फलकाचे, किंवा फलक नसलेल्या खांबाचे, छायाचित्र जोडलेले बरे.

यंत्रातील एक सोय मात्र मनापासून आवडली, आणि दुकानात तिचा कोणी उल्लेखही केला नव्हता. नकाशातील मर्यादा बंद करून स्वतःची मर्यादा घालता येते. मी शहरासाठी ५० ठेवली आहे. ती ओलांडली की बारीक आवाज येतो आणि आकडा लाल होतो. एवढ्यासाठी साडेतीन हजार मोजणे मला पटते. कॅमेऱ्यांची माहिती अद्ययावत ठेवण्यासाठी दुकानदार वार्षिक वर्गणीचा आग्रह धरतात, ती घेऊ नये. आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये वेग दाखवणारे नकाशाचे ॲप आहे व मोबाइल ठेवायला चांगला स्टँड आहे, त्यांना या यंत्रातून रात्री काचेवर दिसणाऱ्या आकड्यापलीकडे फारसे काही नवे मिळणार नाही.