कंदुरीसाठी सुरी: घिसाड्याची, स्टेनलेसची की परदेशी शिकारीची?

मागच्या कंदुरीला, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या जेवणाला, माझ्या हातात आठ इंची नवीकोरी सुरी होती. मोहोळ तालुक्यातलं आमचं शेत, लिंबाच्या फांदीला मागच्या पायांनी टांगलेला बोकड, आणि मी पोट उघडत होतो. टोक बोटभर जास्त आत गेलं, वजडीच्या, म्हणजे पोटातल्या चाऱ्याच्या, पिशवीला भोक पडलं आणि हिरवा चोथा खाली सीन्यावर, म्हणजे छातीच्या मटणावर, उतरला. चुलत्यांनी काही न बोलता माझ्या हातातली सुरी घेतली आणि स्वतःची चार इंची काळी सुरी दिली. सीन्याचा तेवढा भाग कापून टाकावा लागला. वर्षभर जपलेल्या बोकडाचं मटण असं वाया गेलेलं मला अजून लागतं. म्हणून आखाडाच्या तोंडावर कुणी विचारलं की मी हेच सांगतो: मोठं पातं आणि जड सत्तूर यांच्यावर पैसे घालण्याआधी लहान सुरी नीट निवडा. मटण बिघडतं ते बहुतेक सोलताना आणि पोट उघडताना, तुकडे पाडताना नव्हे.

इंटरनेटवर शोधलं की समोर येतात त्या परदेशी शिकारीच्या सुऱ्या. त्या हरणासाठी बनवलेल्या असतात. आपल्याकडं सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट दिसतं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळं आपला प्रश्न बोकडाचाच, आणि तोही बहुधा काळ्या उस्मानाबादीचा. गळ्यावर सुरी मुलाणीच, म्हणजे गावात हलाल करणारा, फिरवतो. इथं बोलतोय ते त्यानंतरच्या कामाबद्दल. सोलापूर शहरात राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार महापालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही.

घिसाड्याची सुरी आणि स्टेनलेसची सुरी, दोन्ही मी वापरल्या आहेत. घिसाडी, म्हणजे फिरता लोहार, बऱ्याचदा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद ठोकून सुरी करतो. ती पटकन धार घेते. दुपारी सोलताना बोथट झाली तर निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, दहा-बारा हात फिरवले की पुन्हा चालू. शेतात याला फार किंमत आहे, कारण अर्धा बोकड सोलून झाल्यावर कुणी बाजारात जात नाही. उणीव म्हणजे गंज. रक्त आणि मीठ लागलेलं पातं तासभर तसंच ठेवलं की तांबूस डाग धरतं. धुऊन, कोरडं पुसून तेल लावायचं, आणि तेही खोबरेल. आपल्या घरात करडईचं तेल हाताशी असतं, पण ते पात्यावर वाळून चिकट थर धरतं. मी एक सुरी अशीच खराब केली.

स्टेनलेस सहज गंजत नाही, धुवायला सोपं, आणि आतड्याच्या कामाला मन निर्धास्त राहतं. मात्र स्वस्त स्टेनलेस मऊ असतं, लवकर बोथट होतं, तर महाग स्टेनलेस इतकं कडक असतं की साध्या निसण्याला दाद देत नाही. ज्याच्या घरी वर्षातून एकदाच बोकड पडतो आणि सुरी बाकीचे दिवस पेटीत असते, त्यानं मधल्या दर्जाचं स्टेनलेस घ्यावं. ज्याचा हात वरचेवर चालतो, त्यानं घिसाड्याचीच घ्यावी. माझ्याकडं आता दोन्ही आहेत: कातड्याला घिसाड्याची काळी, आतल्या कामाला स्टेनलेस. कारण स्वच्छतेचं आहे. केसांना, शेणाला लागलेलं पातं मटणाला लावायचं नाही. एकच सुरी असेल तर मध्ये ती गरम पाण्यानं धुवा.

लांबीचं म्हणाल तर चार इंच पुरते. सोलायला टोक गोलसर हवं, म्हणजे कातड्याला भोकं पडत नाहीत. खरं तर एकदा मांड्यांवरचं कातडं सुटलं की निम्मं काम मुठीचं असतं. कातडं एका हातानं ओढायचं, दुसऱ्या हाताची मूठ कातडं आणि मांस यांच्यामध्ये दाबत न्यायची. सुरी फक्त जिथं अडतं तिथं. मुठीनं सोललेला बोकड पाहा, अंगावर पांढरी झिल्ली शाबूत राहते आणि मटण कोरडं, स्वच्छ दिसतं.

शिकारीच्या काही सुऱ्यांच्या पाठीवर एक धारदार आकडा (हूक) असतो, पोटाचं कातडं फाडायला. जाड केसांच्या हरणाला तो कामाचा असेल. बोकडाचं पोटाचं कातडं पातळ. तिथं दोन बोटं पुरतात: लहान चीर द्यायची, तर्जनी आणि मधलं बोट आत घालून पोटाची भिंत उचलून धरायची आणि धार बाहेरच्या बाजूला ठेवून बोटांच्या बेचक्यातून सुरी खाली आणायची. टोकाआधी बोटं चालतात, त्यामुळं पिशवीला धक्का लागत नाही. आकड्याची धार गेली तर सपाट निसणा आत जात नाही, गोल कानस लागते, ही आणखी एक कटकट. घडीची सुरी तर अजिबात नको. चरबी आणि रक्त सांध्यात जाऊन बसतं आणि निघत नाही.

परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना एक सावधगिरी. तिकडच्या हरणांच्या कलेजीला पित्ताची पिशवी नसते, म्हणून ते लोक त्याबद्दल बोलतच नाहीत. बोकडाला ती असते. कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी फुटली की तेवढी कलेजी कडू झाली म्हणून समजा. नळी दोन बोटांत चिमटीत धरायची आणि कलेजीचा छोटा काप सोबत घेऊनच कापायची. हे काम आठ इंची पात्यानं होत नाही.

सुतळीला कुणी हत्यार म्हणत नाही, पण माझ्या पिशवीत ती आधी जाते. अन्ननळीला एक गाठ आणि गुदद्वाराजवळ आतड्याला एक गाठ, एवढं केलं की आतलं काही बाहेर सांडत नाही.

आता सत्तूर. पाऊण किलोच्या आसपासचा पुरे, जड घेतला की मनगट लवकर थकतं आणि घाव चुकतो. सत्तुरानं हाडाच्या किरचा उडतात, करवतीनं हाडाचा भुसा मटणाला चिकटतो. दोन्हींपेक्षा सांध्यात सुरीचं टोक घालून हाड सोडवणं बरं. कोवळ्या बोकडाचा सीना तर कुर्चेतून सुरीनंच फाटतो. वर्षातून एकदा लागणारा सत्तूर गावात मागून आणता येतो, त्यासाठी पैसे अडकवू नका. ओंडका मात्र चिंचेचा बघा, तो घट्ट असतो आणि त्याचे तुस उठत नाहीत. काम झालं की मीठ चोळून घासायचा आणि उन्हात वाळवायचा. घरी आणल्यावर कलेजीचे, बिनहाडाचे तुकडे करायला आईची विळी आहेच, त्या कामात तिच्याइतकं सोपं काही नाही.

निसणा दोन बाजूंचा घ्या, एक खरखरीत, एक बारीक. पातं तीन सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे एक सेंटीमीटर वर धरून फिरवायची, करंगळीच्या जाडीएवढी. सत्तुराला यापेक्षा उभा कोन द्यावा लागतो, नाहीतर हाडावर धार दुमडते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात चरबीवर घसरतो. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण बोथट सुरीची आहे.

उन्हाळ्यातली कंदुरी असेल तर पारा चाळिशीच्या वर असतो. मटण फार वेळ उघडं राहता कामा नये, चुलीवर आधण ठेवूनच सोलायला घ्या.

बाजारात घेताना सुरीची मूठ ओल्या हातानं धरून पाहा. विक्रेता पाणी देतो, मागितलं तर. मूठ आणि पातं यांच्यात फट नको, तिथंच रक्त साचतं. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आणि दोन-तीन रिवेटांनी पक्कं बसवलेलं हवं. मग पाठीकडून धारेकडं नजर टाका: धार सरळ रेषेत आहे ना, की कुठं लाटेसारखी वळते? वळत असेल तर दुसरी मागा. घिसाडी रागावत नाही, उलट पाटीतली चांगली सुरी काढून देतो.