माळ्यावरची टीटी-०१ : पाडव्यापासून दिवाळीपर्यंत

ही रिमोटवर पळणारी छोटी गाडी मी विकत घेतलेली नाही. आतेभावाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा, २००६ च्या सुमारास, त्याने हौसेने घेतली. दोन वर्षं पळवली, मग लग्न झालं आणि खोका परभणीला येऊन आत्याच्या माळ्यावर चढला तो चढलाच. गेल्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तर दारात भंगारवाला उभा आणि आत्या विचारतेय, "हे रिमोटचं लेकरू बी देऊन टाकू का रे?" मी खोका काखेत मारला आणि निघालो. फेब्रुवारी-मार्च दुरुस्तीत गेले. पाडव्याला गाडी पहिल्यांदा रस्त्यावर उतरली आणि आता दिवाळी झाली आहे. एवढ्या दिवसांत काय टिकलं, काय गेलं ते लिहितो.

गाडी टामिया या जपानी कंपनीची टीटी-०१, एक-दशांश मापाची. ही चासिस, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, २००३ मध्ये बाजारात आली. मोटार एकच, तिच्यापासून एक लांब शाफ्ट पुढेमागे जातो आणि चारही चाकं ओढतात. पुढचे-मागचे गिअर बंद डब्यात असतात. ही शेवटची गोष्ट डोक्यात ठेवा, धुळीकडे येऊ तेव्हा कामाला येईल. वरची बॉडी सुबारू इम्प्रेझाची, निळी. खऱ्या इम्प्रेझाने १९९५, २००१ आणि २००३ अशी तीन वर्षं आपल्या चालकांना रॅलीचं जागतिक अजिंक्यपद मिळवून दिलं. माझ्या पदरात आलेल्या इम्प्रेझाचा पुढचा बंपर अर्धा गायब होता आणि चाकावरच्या कमानी चिरलेल्या.

खोका उघडला तर बॅटरीतून हिरवट-पांढरी बुरशी बाहेर आलेली, तिने वायरीसुद्धा खाल्ल्या होत्या. टायर भाकरीच्या पापुद्र्यासारखे कडक. गिअरबॉक्समधलं ग्रीस घट्ट होऊन डिंकाच्या वडीसारखं झालं होतं, ते कानकोरण्याने खरवडून काढलं. पण दात? एकही तुटलेला नाही. पळून गाडी झिजली नव्हती, पडून पडून सडली होती.

आधी स्क्रूबद्दल, कारण नवे लोक इथेच फसतात. टामियाचे स्क्रू जपानी जेआयएस पद्धतीचे असतात. दिसायला आपल्या चार खाचांच्या स्क्रूसारखेच, पण आपला नेहमीचा पेचकस त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की वर चढतो आणि खाच गोल करून टाकतो. माझे पहिल्या संध्याकाळी तीन स्क्रू गेले. मग जेआयएसचा एक चांगला पेचकस मागवला आणि कटकट मिटली. दुसरी गोष्ट, हे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडून बसतात. परत बसवताना आधी उलटा फिरवायचा, अगदी हलक्या हाताने. एका जागी बोटाला 'टक्' असं जाणवतं, म्हणजे स्क्रू जुन्या आट्याच्या तोंडाशी आला. तिथून सुलटा आवळायचा. हे न करता थेट आवळलं की नवे आटे पडतात, दोन-तीनदा तसं झालं की भोक सैल होऊन जातं. माझी चार भोकं आधीच सैल होती. त्यात फेविक्विकचा थेंब आतल्या भिंतीला फिरवला, रात्रभर वाळू दिला आणि सकाळी स्क्रू हळूहळू बसवला. आठ महिन्यांत त्यातलं एकच पुन्हा ढिलं झालं.

चाकांत जुने प्लास्टिकचे बुश, म्हणजे साध्या कड्या होत्या. ते काढून ११५० मापाचे बेअरिंग घातले. ११५० म्हणजे बाहेरून ११ मिलिमीटर, आतून ५, जाडी ४. एवढ्या एका बदलाने चाक बोटाने फिरवल्यावर किती तरी वेळ फिरत राहतं. पहिला संच मी धातूच्या झाकणाचा घेतला, स्वस्त पडला म्हणून. जूनपर्यंत चारही चाकांतून 'खर्र' आवाज. पेट्रोलमध्ये धुतले, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाकला, पंधरा दिवस बरे चालले, पुन्हा तेच. आता रबरी सीलचे घातले आहेत. थोडे जड फिरतात, पण माती आत जात नाही.

आता बॉडी. माझं दुकान रेडियम आणि नंबरप्लेटचं. दिवसभर 'आई-बाबांचा आशीर्वाद' कापून ट्रॅक्टरच्या बोनेटवर लावायचे, हा माझा धंदा. त्यामुळे रंगकाम आपल्या हातचा मळ, असं मला वाटत होतं.

या गाड्यांची बॉडी पॉलीकार्बोनेटची, पारदर्शक असते आणि रंग आतून मारतात. बाहेरून चकाकी प्लास्टिकची राहते, घासली तरी रंग जात नाही. पण त्यामुळे सगळा क्रम उलटा होतो. जो रंग पहिला माराल तोच बाहेरून दिसणार. जुन्या बॉडीचा रंग आतून पोपडे धरून सुटत होता, तो काढायला मी बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं. करू नका. त्यात ॲसिटोन असतं, आणि बॉनेटवर रुपयाएवढा ढगाळ डाग कायमचा उमटला. बाकीचा रंग मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने, दोन रविवार घासून काढला. चिरलेल्या कमानींना आतून पीओपीवाले सांध्यावर लावतात ती जाळीची पट्टी आणि वरून बूट चिकटवायचा लवचीक गोंद. ही जुनी बॉडी पळवायची. शोकेससाठी नवी पारदर्शक बॉडी मागवली.

नव्या बॉडीसाठी टामियाचे पीएस मालिकेचे स्प्रे डबे हवे होते, तेच या प्लास्टिकसाठी असतात. पण स्प्रेचे डबे विमानाने पाठवायला बंधनं असतात, त्यामुळे इथपर्यंत ते येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे मारू नका. तो वाळून कडक होतो आणि बॉडी वाकली की कवच सुटल्यासारखा उडतो. मी एअरब्रश, छोटा काँप्रेसर आणि पॉलीकार्बोनेटसाठी बनवलेला पाण्याचा रंग घेतला. बॉडी भांड्याच्या साबणाने धुतली, सुकवली, त्यानंतर आतल्या बाजूला हात लावला नाही.

मास्क, म्हणजे रंग जिथे नको तिथे चिकटवायचे तुकडे, मी दुकानातल्या प्लॉटरवर (कटिंगच्या मशीनवर) रेडियममधूनच कापले. कोरल सॉफ्टवेअरमध्ये आराखडा, उलटा करून कटिंग, ट्रान्सफर टेपने उचलून आत चिकटवायचं. बाजारातल्या मास्किंग टेपपेक्षा कड कितीतरी धारदार येते. फक्त रेडियम आत जास्त दिवस ठेवू नका. एप्रिलमध्ये मी एक मास्क आठवडाभर विसरलो, गोंद प्लास्टिकवरच राहिला. खोबरेल तेल आणि मऊ कापडाने निघाला, पण रडवून.

मोठी चूक वेगळीच. मला निळ्या गाडीवर हळदी पिवळा पट्टा हवा होता. पिवळा मारला, वाळवला, मास्क काढला, त्याच्यामागून थेट निळा. बाहेरून बघितलं तर पट्टा मेंदीच्या रंगाचा! पिवळा पातळ असतो, मागचा निळा त्यातून डोकावतो. पिवळ्यामागे आधी पांढऱ्याचा थर द्यायचा असतो, मग निळा. पारदर्शक रेडियमवर पिवळी अक्षरं कशी मरतात हे रोज गिऱ्हाइकांना सांगणारा माणूस मी. आतला रंग अल्कोहोलने पुसून पुन्हा पहिल्यापासून केलं.

दुसऱ्यांदा जमलं. नव्या बॉडीवर बाहेरून एक संरक्षक पापुद्रा असतो. आतलं सगळं रंगून झालं की तो शेवटी सोलायचा. एका कोपऱ्यात नखाने उचलला आणि मागून पुढे ओढत आणला. चर्र आवाज होत गेला आणि खालून ओल्या काचेसारखा निळा उघडा पडत गेला. पोरगी शेजारी उभी होती, ती म्हणाली, "पप्पा, पुन्हा चिकटवा ना, मला सोलायचंय."

हवामानाबद्दल एक. एअरब्रशचं काम आपल्याकडे माघातल्या दुपारी उत्तम होतं. मेमध्ये पारा ४३-४४ ला असताना मी एक छोटी दुरुस्ती करायला बसलो तर रंग सुईच्या टोकावरच वाळत होता. दर दोन मिनिटांनी टोक पुसा, पुन्हा मारा. शेवटी पहाटे पाचला केलं. तेव्हाच लाईटही असते, हे वेगळं.

पळवायला जागा म्हणजे वसमत रोडच्या बाजूचे प्लॉटिंगचे लेआउट. आखीव सिमेंटचे रस्ते, घर एकही नाही, संध्याकाळी शेरडं आणि आम्ही. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगाच नाही, एवढा फुकटचा ट्रॅक जर्मनीत कुठून मिळणार! पोरं जमतात. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, ॲव्हरेज किती देती?" साधी ५४० मापाची मोटार, ५००० मिलीअँपिअरची बॅटरी, मी सांगतो अर्धा तास. उन्हाळ्यात मात्र दहा-बारा मिनिटं पळवून थांबवतो. मोटारीला बोट लावून धरवलं नाही तर बस.

धूळ हा खरा परीक्षक. बंद गिअरबॉक्स मी सप्टेंबरमध्ये उघडले, आतलं ग्रीस जवळजवळ तसंच होतं. इथे गाडीला पूर्ण गुण. मोटारीजवळचा भाग मात्र उघडाच असतो. जुना ॲल्युमिनियमचा पिनियन (मोटारीवरचा छोटा गिअर) चार महिन्यांत धुळीने असा घासला गेला की दात ज्वारीच्या दाण्यासारखे गोल झाले. स्टीलचा घातल्यापासून कुरबुर नाही. दातांची बेरीज मात्र लक्षात ठेवा: १९ चा पिनियन तर ६१ चा स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर), २२ तर ५८, २५ तर ५५. बेरीज ८० आली पाहिजे, कारण मोटारीच्या जागा ठरलेल्या आहेत. मोटारीवर शिफॉनच्या ओढणीचा तुकडा ताणून बसवला आहे, धूळ निम्मी तरी कमी जाते. उष्णता थोडी वाढते, ते चालवून घेतो.

पावसाळ्यात पळवू नका. आपली काळी माती ओली झाली की चाकाला लागत नाही, चाक होते. एकदा श्रावणात कडेला उतरली, चारही चाकांवर लगदा चढून कमानीला अडकला आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत बसली. घरी येऊन दोन तास वाळू दिली, मग ब्रशने खरपुड्या काढल्या. ओलं धुतलं असतं तर चिखल बेअरिंगपर्यंत गेला असता. फायदा एवढाच की पळवायच्या बॉडीवर रॅलीचा जो मळकट रंग लोक एअरब्रशने तासन्‌तास आणतात, तो मला फुकट मिळाला.

माझ्या हातून झालेलं एक नुकसान. मोटारीचा वेग सांभाळणारा जुना स्पीड कंट्रोलर काढून हॉबीविंगचा क्विकरन १०६० लावला. त्यावर बॅटरीच्या प्रकारासाठी एक छोटा जंपर असतो. सुरुवातीला उसनी निकेल बॅटरी लावून बघितली, जंपर तिकडे केला. मग लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी आणली आणि जंपर विसरलो. लायपो ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की कंट्रोलरने मोटारीचा पुरवठा तोडायला हवा, तो तुटलाच नाही. पोरं "अजून एक राऊंड" म्हणत राहिली, मी देत राहिलो. घरी मीटर लावलं तर दोन सेल मिळून पाच व्होल्टच्याही खाली, आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी पुरीसारखी फुगलेली. चार हजारांना लागलं. आता नवी बॅटरी ठेवायची तर सेलमागे ३.८ व्होल्टवर, कुंभाराकडून आणलेल्या छोट्या रांजणात, खाली वाळू. चार्जिंगला लावून मी दुकानात जात नाही.

रिमोट जुना २७ मेगाहर्ट्झचा होता, चॅनेल ठरवायला क्रिस्टल घालायचा. तो शोकेसमध्ये गेला, त्याच्या जागी २.४ गिगाहर्ट्झचा साधा सेट. स्टिअरिंगच्या दांड्या ढिल्या झाल्या होत्या, तिथेही बेअरिंग घातले. डँपर (धक्के शोषणारे) तेलाचे केले, खड्ड्यावर उड्या कमी झाल्या.

खर्च विचाराल तर गाडी फुकट, आणि आत्तापर्यंत साडेपंधरा हजार गेले. त्यात फुगलेली बॅटरी आहे, चुकीचे बेअरिंग आहेत आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेली पहिली नवी बॉडीही आहे, जी त्याने पातळ पाकिटात घालून पाठवली आणि छप्पर दुमडून आलं. परत घ्यायला तीन आठवडे भांडलो. आता पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवणार असाल तरच मागवतो, हे आधी लिहून घेतो. बॉडी अडकवायच्या क्लिप वेगळ्या घेऊ नका. हरवतातच. बायकोच्या साडीच्या पिना तितक्याच कामाच्या, फक्त विचारून घ्या.

ज्यांना फक्त पळवायची आहे त्यांनी जुनी गाडी उचलू नये, तयार नवी घ्यावी. अर्धा तास पळवली की दीड तास ब्रश, कापड आणि पेचकस घेऊन बसावं लागतं. मला तोच दीड तास आवडतो, रात्री शटर ओढून दुकानातच बसतो. शोकेसची निळी बॉडी समोर ठेवून.

ठेवून बसायचो, म्हणायला हवं. दिवाळीत आतेभाऊ आला. गाडी बघून त्याचा चेहरा वीस वर्षांनी लहान झाला. म्हणाला, "लेआउटवर नेऊ का रे, एकच चक्कर?" मी म्हटलं, ने दादा, तुझीच आहे. पळवायची बॉडी कुठे आहे हे सांगायचं राहून गेलं. तासाभराने तो दारात उभा, काखेत निळी बॉडी, पुढच्या कमानीपासून पिवळ्या पट्ट्यापर्यंत चीर. "गतिरोधक नवा केलाय बे तिथं," एवढंच बोलला.

आतून जाळीची पट्टी मारली आहे, गोंद वाळतोय. या रविवारी तीच घेऊन जाणार आहे. प्लॉटरचं ब्लेड बदलायला झालंय, ते आलं की तिसऱ्या बॉडीचे मास्क कापायला घेतो. पापुद्रा पोरीला सोलू देईन.