स्लायडिंग दाराचं लॉक लागत नाही: बेअरिंग उचलायचं, पट्टी सरकवायची की लॉक बदलायचं?

दार चौकटीपर्यंत जातं, पण लॉकचा हुक खाचेत बसत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत दोनच गोष्टी सुचतात: चौकटीवरची लॉकची पट्टी (जिच्यात ही खाच असते) थोडी वरखाली करायची, नाहीतर लॉकच नवं आणायचं. आमच्या मते दोन्हींच्या आधी खालचं बेअरिंग, म्हणजे दार ज्यावर सरकतं ते चाक, तपासायला हवं. शटर (दाराचा सरकणारा पल्ला) खाली बसलं की हुकही त्याच्याबरोबर खाली येतो, आणि खाच मात्र चौकटीवर होती तिथेच राहते.

कोणता मार्ग घ्यायचा ते तीन चाचण्यांतून कळतं. आधी दार उघडं ठेवून लॉक फिरवा. हुक पूर्ण बाहेर येऊन परत आत जात असेल तर लॉक धडधाकट आहे. काही लॉकना हुकजवळ एक छोटं बटण असतं. ते चौकटीवर दाबलं गेल्याशिवाय हुक बाहेर येत नाही. म्हणून ही चाचणी करताना बटण बोटाने दाबून धरा. मग हुकाच्या टोकाला खडू लावा, दार बंद करा आणि लॉक लावून पाहा. खूण खाचेच्या खालच्या कडेवर उमटली तर शटर खाली बसलंय. शेवटी दार चौकटीपासून बोटभर मागे ठेवून उभी फट वरपासून खालपर्यंत पाहा. फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर लॉकच्या विरुद्ध बाजूचं बेअरिंग बसलंय. खाली रुंद असेल तर लॉककडचं. फट सारखीच असून हुक खाली लागत असेल तर दोन्ही बेअरिंगं सारखीच उतरलीत.

बेअरिंग उचलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि नवा पार्ट लागेलच असं नाही. आधी ट्रॅक कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. नाशिकमध्ये पाथर्डी फाटा किंवा गंगापूर रोडच्या पुढे जिथे शेजारच्या प्लॉटवर अजून बांधकाम चालू आहे, तिथे ट्रॅकमध्ये वाळू आणि सिमेंटचे खडे हमखास सापडतात. एवढ्यानेच दार शेवटचे काही मिलिमीटर अडतं. शटरच्या कडेला, अगदी तळाशी, प्लास्टिकचं टोपण असतं. त्याच्या आत स्क्रू असतो: अ‍ॅल्युमिनियममध्ये बहुधा फुलीचा, यूपीव्हीसीमध्ये (कडक प्लास्टिकच्या दारात) बहुधा 4 मिमी एलन कीचा, म्हणजे षटकोनी किल्लीचा. शटरखाली लाकडी पाचर सरकवून भार हलका करा आणि मगच स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवा. भार तसाच ठेवून फिरवलं की स्क्रूचं डोकं झिजतं, आणि मग तो कुठल्याच बाजूला फिरत नाही. भार थोडा नसतो: काच प्रत्येक मिमी जाडीला चौरस मीटरमागे 2.5 किलो, म्हणजे 0.9 × 2.1 मीटरच्या शटरला 5 मिमीची काच असली तर नुसती काच जवळपास 24 किलो. जुन्या हलक्या सेक्शनमध्ये (शटर ज्या पोकळ पट्ट्यांचं बनतं त्यांत) मात्र हा स्क्रू नसतोच. तिथे बेअरिंग बदलणं किंवा त्याच्या घराखाली (चाक ज्यात बसतं त्या खोक्याखाली) अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी घालणं एवढंच हाती राहतं.

स्क्रू पूर्ण फिरवूनही शटर उचललं जात नसेल, किंवा दार सरकताना खरखरत असेल, तर चाक झिजलंय. नायलॉनचं चाक आवाज कमी करतं, पण जड शटर वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहिलं की तिथे चपटं होतं. स्टीलचं चाक भार चांगला पेलतं, पण अ‍ॅल्युमिनियमची रेल खातं. रेल आधीच खाल्लेली असेल तर तिच्यावर स्टेनलेसची टोपी बसवून घ्या. शटर काढायला दोन माणसं हवीत: वरच्या खाचेत उचलायचं, तळ आत ओढायचा. वर उचल-रोधक गुटका (शटर उचलून काढता येऊ नये म्हणून बसवलेला) असेल तर तो आधी काढा. दुकानात जाताना जुनं बेअरिंग बरोबर न्या. चाकाचा व्यास, खोबणीचा आकार आणि घराची रुंदी, तिन्ही जुळायला हवं. ‘डोमलचं द्या’ असं नुसतं सेक्शनच्या प्रकाराचं नाव सांगून भागत नाही.

पट्टी सरकवणं त्यामानाने सोपं, म्हणूनच ते उठसूट केलं जातं. बेअरिंग झिजत असताना पट्टी खाली घेतली तर शटर आणखी बसतं, आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. बेअरिंग ठीक आहे, फट सरळ आहे आणि हुक 1–2 मिमीने चुकतोय, एवढ्याच वेळी हा मार्ग योग्य. नवं भोक जुन्याला खेटून पाडू नका. स्क्रू जुन्या भोकात घसरतो. त्यापेक्षा पट्टीचं भोक गोल कानशीने लांबट करा. भोक सैल झालं असेल तर 8 नंबरच्या जागी 10 नंबरचा स्टेनलेस स्क्रू लावा. यूपीव्हीसीमध्ये स्क्रू आतल्या स्टीलच्या पट्टीत रुतला पाहिजे, नाहीतर तो ओढीने उपटून येतो.

सकाळी लागणारं लॉक दुपारनंतर लागत नसेल तर पट्टी सरकवू नका. पश्चिमेच्या उन्हात शटरची बाहेरची बाजू जास्त तापते आणि उभा सेक्शन मध्यभागी बाहेरच्या बाजूला वाकतो. यूपीव्हीसी अ‍ॅल्युमिनियमच्या अडीच-तीन पट प्रसरण पावतं, त्यामुळे तिथे हे जास्त दिसतं. खाच थोडी रुंद करून हुकाला 1 मिमी मोकळीक द्या.

लॉक तेव्हाच बदला, जेव्हा उघड्या दारातही हुक अडकतो किंवा हॅन्डल नुसतंच फिरतं. दोन स्क्रूंमधलं अंतर आणि शटरमधल्या लॉकच्या खाचेची लांबी मोजून न्या, हुकाची दिशाही पाहून ठेवा. एका मिलिमीटरच्या फरकानेही नवं लॉक जुन्या खाचेत बसत नाही.

तेलाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: खोबरेल, मशीनचं तेल किंवा ग्रीस ट्रॅकमध्ये घालू नका. धूळ त्याला चिकटून लगदा होतो आणि चाक फिरायचंच थांबतं. सिलिकॉन स्प्रे चाकावर हलकाच मारा आणि वरचा थर पुसून टाका. जूनच्या आधी तळाच्या ट्रॅकमधली पाणी जाण्याची भोकंही तारेने मोकळी करा. ती तुंबली की पाणी साठतं आणि स्टीलचं बेअरिंग एका पावसाळ्यातही गंजू शकतं.

आख्खं दार बदलायची वेळ क्वचितच येते. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक 5–6 मिमीहून जास्त असेल, यूपीव्हीसीच्या कोपऱ्याचा सांधा फुटला असेल किंवा शटरचा तळाचा सेक्शन सडला असेल, तरच फॅब्रिकेटरकडून नव्या दाराचं कोटेशन घ्या.