एल.डी. असलेल्या मुलाची नववी कुठे? राज्य मंडळ, सीबीएसई की मुक्त विद्यालय

तोंडी विचारलं तर धडाधडा सांगतं, पण पेपर कोरा सोडून येतं, अशा एल.डी. (अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचण्या-लिहिण्यात किंवा गणितात अडचण) असलेल्या मुलाच्या पालकांची खरी कसोटी आठवीनंतर लागते. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. नववीपासून ते संरक्षण संपतं, आणि दहावीच्या शंभर टक्के निकालामागे लागलेल्या शाळा नेमक्या तेव्हाच ‘याला दुसरीकडे घाला’ म्हणू लागतात. म्हणून बोर्ड कुठलं हे नंतर बघा; आधी ती शाळा नववीतल्या कच्च्या मुलांचं काय करते ते शोधून काढा.

राज्य मंडळाच्या जवळच्या शाळेत भाषा ओळखीची, मित्र तेच. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा) मिळतो. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सोयही आहे, पण विज्ञान शाखेचा विचार असेल तर ती घाईने घेऊ नका. अडचण वर्गातली: पट मोठा, विशेष शिक्षक क्वचित, त्यामुळे सवलत परीक्षेपुरतीच उरते.

सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, दोनऐवजी एकच भाषा चालते, आणि शाळेत विशेष शिक्षक असावा असा मंडळाचा नियम आहे. तो शिक्षक खरोखर मुलांसोबत बसतो की फक्त कागदावर आहे, हे विचाराच. मूल मराठी माध्यमातलं असेल तर नववीत इंग्रजी माध्यमात टाकू नका. आधीच अक्षरांशी झगडणाऱ्या लेकरावर तो दुप्पट भार आहे.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयात (एनआयओएस) वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीसाठी नाव नोंदवता येतं. पाच विषय, गणिताची सक्ती नाही, नोंदणी पाच वर्षं चालते आणि एकेक विषय सोडवत जाता येतं. चिडवण्याने खचलेल्या मुलाला इथे श्वास घेता येतो. पण रोज चार मुलं भेटतील असं केंद्र जवळ नसेल तर मूल घरात कोंडलं जातं. तसं असेल तर मी हा पर्याय घेणार नाही.

माझा कल घराजवळच्या मराठी शाळेकडे आहे, वर्गशिक्षक समजून घेणारे असतील तर. भेटायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना थेट विचारा: गेल्या वर्षी किती मुलांना लेखनिक दिला? आकडा लगेच सांगता आला तर शाळेने हे काम केलेलं आहे. ‘आमच्याकडे तशी मुलंच नाहीत’ असं म्हणाले तर सरळ उठा. जमल्यास एखादी तपासलेली वहीही बघा: शुद्धलेखनाच्या लाल रेघांखाली उत्तर बरोबर असल्याची खूण दिसते का?

एल.डी.च्या दाखल्याचं काम आठवीतच हाती घ्या, सरकारी रुग्णालयात तपासणीला वेळ लागतो. त्यावर ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रवेशाच्या अर्जासोबतच दाखल्याची प्रत जोडा आणि पोच घ्या.